मॉल म्हणजे घण

बोलता बोलता बाई मधेच बोट वर करायच्या. "थांब. हा शब्द कुठून आला, माहितेय?"

भांडुपच्या आमच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवत, मी गणित. शिक्षकांच्या खोलीत कुणी नुसतं बिस्कीट म्हटलं, तरी चहा निवेपर्यंत बिस्किटाचं मूळ निघत राहायचं. आम्ही हसायचो. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेलच.

बाईंचे वडील मालवणकडचे. भांडुपच्याच एका कारखान्यात ते उमेदीची सगळी वर्षं भट्टीपुढे घण मारत होते. कारखाना बंद पडला, पाडला गेला आणि त्या जागी मॉल उभा राहिला. बाबांनी तो रस्ताच सोडला. रिक्षावाल्यालाही लांबून वळसा घ्यायला लावत. घरात कुणी मॉलचं नाव काढलं, की उठून गॅलरीत जात. त्यांच्यासाठी बाईंनीही तिथे कधी पाऊल टाकलं नाही.

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. सुरमई वाढता वाढता बाईंनी बाबांना सहज सांगितलं, की जुन्या इंग्रजीत मॉल म्हणजे जड हातोडा, आपला घण. पुढे लाकडी हातोड्याने चेंडू मारायचा एक खेळ आला. लंडनमध्ये तो जिथे चाले त्या रस्त्याला तेच नाव पडलं, मग झाडांखाली फिरायच्या जागेला आणि शेवटी दुकानांना.

बाबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे घणाचाच नाव ठेवल्यानी?"

"हो, बाबा."

ते बराच वेळ हसले. मग पंच्याने डोळे पुसले. संध्याकाळी आपणच चपला घालून दारात उभे राहिले.

मॉलमध्ये ते भिंतीच्या कडेने चालत होते, बाई आणि मी मागोमाग. मागच्या काचेतून डोंगर दिसला, त्यावरून त्यांनी अंदाज घेतला आणि एका आइस्क्रीमच्या दुकानापुढे थांबले.

"माझी भट्टी हयसर होती."

दुकानातल्या मुलीने कुठला फ्लेवर हवा म्हणून विचारलं. बाईंनी बाबांचा हात धरून ठेवला होता.

बाबा त्याच वर्षी गेले. काही वर्षांनी बाईही आजारी पडल्या. शेवटचं भेटायला गेलो तेव्हा शब्दांबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत.

"त्या दिवशी मॉलमध्ये बाबांनी आइस्क्रीमचा अजून एक कप मागितला होता रे," एवढंच म्हणाल्या. "साखर वाढेल म्हणून मी नको म्हटलं."