चौगुले मॅडमची एकविसावी जोडी

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत चपला बाहेर काढूनच आत यायचं, असा नियम होता. वर्षातून एक दिवस मात्र चौगुले मॅडम स्वतः दारात उभ्या राहून ओरडायच्या, "पायातलं हातात घेऊन आत या रे! आज चपलांचं काम हाय!" त्या दिवशी अर्धगुणसूत्री विभाजन शिकवायचं असायचं. लांब टेबलावर तेवीस जोड्या मांडल्या जायच्या. कुणाच्या शेतातनं थेट आलेल्या, कुणाच्या नव्याकोऱ्या, मध्येच एखाद्याचे बूट. वास असा सुटायचा की शेजारच्या खोलीत वनस्पतिशास्त्र शिकवताना मी नाकाला पदर लावायची.

"ही तुमची गुणसूत्रं," मॅडम सुरू करायच्या. "जोडीतली डावी आईनं दिली, उजवी बापानं. आता पुढचं पोर व्हायचं तर अंडपेशी पाहिजे, शुक्रपेशी पाहिजे. दोघांनी सगळ्याच्या सगळ्या दिल्या तर पोराकडं दुप्पट होतील की! मग काय करायचं? जोडी फोडायची. एक ह्या टोपलीत, एक त्या टोपलीत." कुठली कुठं जाणार हे त्या नाणं उडवून ठरवायच्या. त्याआधी बुटांच्या नाड्या काढून डाव्याची उजव्याला घालायच्या. "सुटायच्या आधी जोडी गळ्यात गळा घालती. तवा हिकडचं थोडं तिकडं जातं. म्हणून तर सख्खी भावंडंबी सारखी नसत्यात." तास संपला की सगळा वर्ग एका पायावर लंगडत आपली दुसरी चप्पल हुडकत फिरायचा. प्राचार्य तणतणायचे. मॅडमना त्याचं काही नसायचं.

शेवटी मात्र त्या एक जोडी उचलायच्या आणि न फोडता तशीच एका टोपलीत टाकायच्या. "कधी कधी ही चूक हुतीया. जोडी सुटतच न्हाय. एकविसावी जोडी अशी राहिली, तर बाळाला एक जादा येतं. त्यातनं डाऊन सिंड्रोम." मग कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, चूक कुणाची?"

"कुणाचीच न्हाय," एवढं बोलून त्या हात धुवायला जायच्या. नळ बराच वेळ चालू असायचा.

कारण घरी तनू होती. त्यांची एकुलती एक लेक, अशीच एक जादा गुणसूत्र घेऊन आलेली. गोल चेहरा, बारीक डोळे आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. मी घरी गेले की, दहा वर्षांची ओळख असली तरी, मला म्हणायची, "या पावणं! च्या घेणार न्हवं?" आणि मी नको म्हटलं तर रुसून बसायची. कपड्यांच्या घड्या अशा घालायची की इस्त्रीवाल्याने शिकावं. जन्मापासून तिच्या हृदयात दोष होता. जिना चढली की ओठ निळे पडायचे.

मॅडमच्या सासूबाईंनी पहिल्या दिवसापासून एकच धरलं होतं. "आमच्या घराण्यात असलं कुणी न्हाय. तुझ्याकडनंच आलंय." नवरा साखर कारखान्यात कामाला, भला माणूस, पण बोलायचं सगळं खातं आईकडे सोपवून मोकळा झालेला. मी तोंडाची फटकळ. एकदा म्हटलं, "अहो, चपला मांडून दाखवा की म्हातारीला!" मॅडम म्हणाल्या, "दाखवल्या. आत्ती म्हणाल्या, चपला चुलीपाशी कशाला आणल्यास?" आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मला कळेना की आता हसू थांबवायचं कसं.

त्याच दिवशी, काचपट्ट्या पुसता पुसता, त्यांनी मनातलं सांगितलं. "पुरुषाच्यात रोज नव्या पेशी तयार हुत्यात. बाईचं तसं न्हाय. मी आईच्या पोटात हुतो, आई नेसरीला भुईमूग उपटत हुती, तवाच माझ्यात ही विभागणी सुरू झाली आणि मधीच थांबली. पुढं वर्षानुवर्षं तशीच थांबलेली. धाकट्या भावंडांची शिक्षणं व्हायची म्हणून मी लग्न लांबवलं. तोवर ती अंडपेशी बिचारी थांबून थांबून म्हातारी झाली. जितकी ती जुनी, तितकी चूक व्हायची भीती जास्त. पोरांना म्हणतो कुणाचीच न्हाय. माझ्या मनाला न्हाय पटत हो."

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही काय मुद्दाम केलंत का?" त्या म्हणाल्या, "मुद्दाम कोण चुकतंय?"

शनिवारी तनू कॉलेजात यायची आणि मागच्या बाकावर बसायची. एका वर्षी नेमका तोच तास शनिवारी आला. मॅडमनी न सुटलेली जोडी टोपलीत टाकली आणि सवयीने विचारलं, "ह्याला काय म्हणायचं?" वर्ग म्हणाला, "चूक!" आणि मागून तनू, टाळ्या वाजवत, सगळ्यांच्या वर, "चूक!" मॅडम हसल्या, शाब्बास म्हणाल्या. दारातून बघणारी मी मात्र तिथून निघून माझ्या वर्गात गेले.

गेल्या पावसाळ्यात तनूच्या छातीत कफ झाला. आधीच दमलेलं हृदय, त्याला तेवढं पुरलं. दवाखान्यात ती नर्सलाही च्या विचारत होती म्हणे. चार दिवसांत गेली पोर. मी गेले तेव्हा सासूबाई उंबऱ्यात बसून छाती बडवत होत्या, "माझ्याच रक्तातलं आसंल गं! तुला उगं बोलत हुतो मी!" मॅडमनी त्यांना जवळ घेतलं. "न्हाय आत्ती. तुमचं न्हाय. कुणाचंच न्हाय." इतकी वर्षं जे ऐकायला त्या तळमळल्या, ते म्हातारीलाच देऊन मोकळ्या झाल्या. मला रागच आला. या बाईने स्वतःसाठी कधी काही ठेवलंच नाही.

महिन्याभराने त्या कामावर आल्या. तो धडा जवळ आला, तशा माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "जाधव मॅडम, ह्या वर्षी तेवढा तास तुम्ही घ्या. मी राजीनामा देतोय. माहेरी, नेसरीला जाऊन राहतो."

मी म्हटलं, "का हो? अजून स्वतःलाच दोष देताय? किती वर्षं?"

त्यांनी मान हलवली. खुर्ची ओढून बसल्या.

"दोषाचं न्हाय आता. पण त्या जोडीला पोरांपुढं चूक म्हणवत न्हाय मला. परवा नाणं उडवत बसलो हुतो, एकटीच. जोड्या मनातल्या मनात फोडत हुतो. आणि ध्यानात आलं, ती एकविसावी जोडी त्या दिवशी नीट सुटली असती, तर काय झालं असतं? तनू बरी झाली असती, असंच मी धरून चाललो हुतो. पण तसं न्हाय. तनू झालीच नसती. कुणीतरी दुसरीच पोर झाली असती. शाणी, निरोगी. आत्तींना आवडली असती."

 मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि वर्गात बोलायच्या तशा ठसक्यात म्हणाल्या,

"मला ती दुसरी नको हुती हो."