रेडिएटरपुढचा पुठ्ठा

पुण्याच्या थंडीत मोटारीचं इंजिन गोठत नाही, हे मला कात्रजच्या घाटात कळलं.

त्या डिसेंबरात माझ्या बायकोची, सुमतीची, खेड शिवापूरच्या शाळेत गणिताच्या शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. तीन वर्षं अर्ज केल्यावर आलेलं पहिलंच बोलावणं. "मी एसटीनं जाते," ती म्हणाली. मी भडकलो. दारात स्वतःची गाडी (सेकंडहँड असली म्हणून काय झालं!) असताना एसटी?

रद्दीवाल्याकडून आणलेल्या विलायती मासिकात हिवाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यावी, यावर लेख होता. त्याबरहुकूम मी नवी बॅटरी घातली, वायपर बदलले आणि इंजिनाला गार वारा लागू नये म्हणून रेडिएटरपुढे जाड पुठ्ठा सुतळीनं करकचून बांधला.

"अहो, तो लेख बर्फातल्या गाड्यांसाठी आहे."

"गाडीतलं तुला काय कळतं?"

"काही नाही. मला वाचता येतं, एवढंच."

निम्मा घाट चढतोय न चढतोय तोच बॉनेटमधून वाफा येऊ लागल्या. मी उतरून चाकाला लाथ घातली. अंगठा दुखावला, त्यामुळे राग आणखी वाढला. मिस्त्रीला शिव्या घातल्या, गाडी विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि कुणीच उरलं नाही तेव्हा सुमतीवर घसरलो. "तुझ्या निऱ्या नीट होईपर्यंत इंजिन चालू ठेवावं लागलं, त्यानंच तापली!" ती घड्याळ पाहत होती. मुलाखतीला पाऊण तास उरला होता.

मागून आलेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं वाकून जाळीत पाहिलं.

"सायेब, ह्यो पुठ्ठा कुणी बांधला? वारंच लागंना, मग तापनार न्हाई तर काय?"

"यांनीच," सुमती म्हणाली. "गाडीला सर्दी होऊ नये म्हणून."

ड्रायव्हर हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. निदान त्याच्यावर ओरडता आलं असतं. त्यानं मागून येणाऱ्या एसटीला हात केला, सुमती चढून गेली आणि मी त्याच पुठ्ठ्यानं इंजिनाला वारा घालत बसलो.

संध्याकाळी ती पेढे घेऊन आली. नोकरी मिळाली होती.

"काय विचारलं?" मी अजून घुश्शातच होतो.

"हेडमास्तर म्हणाले, वर्गात कुणी डोकं फिरवलं तर शांत राहता येईल का? मी सकाळची हकिगत सांगितली. त्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही."