तांबेऱ्याला पुरून उरलेलं रोप

आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे दादाने गहू आणून ठेवला. खायचा नव्हे, कुंड्यांत उगवलेला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने पेट घेतला होता. दादा ज्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा ते आज उघडं, उद्या बंद. कुलूप लागलं तर रोपांना पाणी कोण घालणार, म्हणून त्याने सगळ्या कुंड्या हातगाडीवरून आणून दुसऱ्या मजल्यावर, आमच्या दारासमोर गॅलरीत मांडल्या. येणारे-जाणारे ठेचकाळायचे आणि बोलणी मी खायची.

बरं, एवढ्या लाडाने आणलेली रोपं जपावीत की नाही? हा त्यांच्यावर मुद्दाम तांबेरा टाकायचा. विटेच्या भुकटीसारखी ती बुरशी पानांना चोळायची आणि वर ओलं गोणपाट घालायचं. आई कपाळाला हात लावायची. "लोक रोग घालवतात, हा पेरतो!" समोरच्या चाळीतल्या काकू गॅलरीतून रोज विचारायच्या, "काय रे, पोळ्यांना कधी बोलावणार?"

दादा मला समजावून सांगे. पोळीचा गहू तांबेऱ्यापुढे लगेच नांगी टाकतो. खपली गहू मात्र दाद देत नाही, आणि हा गुण बियांतून पुढच्या पिढीत उतरतो. म्हणून त्याने या दोघांचा संकर केला होता, चिमट्याने एकेक फूल उघडून. बहुतेक रोपं वांझ निघाली. उरलेली तांबेऱ्याने खाल्ली. एकच रोप पुरून उरलं. त्याच्या पानांवर बारीक फिकट ठिपके होते. मी म्हटलं, "हेही चाललं की."

"नाही गं. बुरशी शिरते तिथला पानाचा कण ते स्वतःच मारून टाकतं. तांबेऱ्याला जिवंत पान लागतं. मेलेल्यात तो उपाशी मरतो."

ओंबीत दाणे भरत होते, अजून कोवळे होते. ते पिकले की बी हाती येणार होतं. नाही पिकले, तर इतक्या वर्षांच्या खटपटीतून काहीच उरणार नव्हतं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची उमेद दादात राहिली नव्हती.

त्या दुपारी खाली घोषणा चालल्या होत्या. मग अश्रुधूर आला आणि मग गोळीबार. समोरच्या काकू वाळत घातलेली लुगडी काढायला गॅलरीत आल्या, कठड्याशी बसल्यासारख्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. दादा माझ्या शेजारी उभा होता. जन्मात कुणाला 'अरे'ला 'कारे' न केलेला माणूस. त्याने हाताला आली ती कुंडी उचलली आणि खाली भिरकावली. कुणालाच लागली नाही, पोलिसांपासून लांब रस्त्यात फुटली.

मग तो आपल्या हातांकडे बघत म्हणाला, "कुठली होती गं?"

मला वरून दिसत होतं, त्या एकुलत्या रोपाची होती ती. मी खाली बोट दाखवलं.

लगेच संचारबंदी लागली. दिसेल त्याला गोळी, असं ओरडून सांगत होते. रोप रस्त्यात आडवं पडलं होतं, मुळांशी मातीचा गोळा तेवढा शाबूत होता. दादा जिन्याकडे धावला. मी पहिल्या पायरीवर आडवी बसले. "आधी मला तुडव आणि मग जा," म्हटलं. तो मागे फिरला आणि कठड्यावरून ओरडला, "हवालदार, तेवढं रोप कडेला ठेवा हो!" हवालदाराने मान वर केली नाही. तेव्हा दादाने पिंपातलं पाणी तांब्यात घेतलं आणि वरून रोपावर फेकलं. नेम चुकला. दुसरा तांब्या, तिसरा. पिंप रिकामं झालं तसे शेजारी आपापल्या घरातून हंडे घेऊन आले. पाण्यासाठी रोज नळावर भांडणारी माणसं ती! पाणी बहुतेक रस्त्यावरच जात होतं.

दुसऱ्या दिवशी थोड्या वेळापुरती संचारबंदी उठवली, कारण काकूंना न्यायचं होतं. दादा धावतच खाली गेला. रोपाशी वाकला. तेवढ्यात काकूंच्या यजमानांनी हाक मारली, "अरे, खांद्याला एक माणूस कमी पडतोय." दोन्ही चाळींतली तरणी माणसं धरपकडीत आत होती. दादा सरळ झाला, गेला आणि तिरडीला खांदा दिला. मागून आख्खी गल्ली निघाली. मी वरून ओरडले, "पायाखाली बघा! बाजूने जा!" एकाने दटावलं, "काय गं ए, मयत चाललीय, कळत नाही?" त्या क्षणी मला सगळ्यांचा राग आला, मेलेल्या काकूंचासुद्धा. दादाने मागे वळून पाहिलं नाही. खांद्यावर तिरडी असताना तो कसा वळणार?

तो परत येऊन अंघोळ करून बाहेर आला. चुरडलेली ओंबी मी ताटलीत आणून ठेवली होती. त्याने ती पाहिली, बाजूला सारली आणि तांब्या घेऊन गॅलरीत गेला. राहिलेल्या कुंड्यांना एकेक करून पाणी घालू लागला. त्यांतली रोपं तांबेऱ्याने केव्हाच मेली होती. मी त्याला थांबवलं नाही.