आईचा पाय आणि बाबांची पाठ

माझी आई, चंद्राबाई, पायाळू. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले, डोकं मागून. बस, एवढंच. पण आमच्या भिसेगावात तेवढ्यावर माणूस डॉक्टर होतो.

कुणाच्या कमरेत उसण भरली की तो आमच्या ओट्यावर येऊन पालथा पडलाच म्हणून समजा. आई हातातलं काम टाकून यायची, पाय धुवायची, त्याच्या पाठीवरून तीनदा डावा पाय फिरवायची आणि शेवटी कमरेवर एक लाथ. माणूस कण्हत उठायचा आणि म्हणायचा, बरं वाटलं. वाटणारच! साधी उसण चार दिवसांत आपली आपण उतरते. हे मी ओरडून सांगायचो, पण ऐकतो कोण? "तू खालापूरच्या कचेरीत टपालावर शिक्के मार. लोकांच्या पाठीतलं तुला काय कळतंय रं?" असं म्हणून आईच मला गप्प करायची.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. घरातले देव गेले, अंगारे गेले. आईचा पाय तेवढा राहिला. "ह्यो काय देव हाय का? पाय हाय," ती म्हणायची. यावर काय बोलणार, कपाळ! पण तिचंही मला कळायचं. एरवी आमच्या घरचं पाणी न पिणारे लोक तिच्या पायाखाली पालथे पडायचे. तो मान ती कशाला सोडेल?

एकाहत्तर साली बाबांची पाठ धरली. बाबा, कोंडाजी, कर्जतच्या भाताच्या गिरणीत हमाल. पोती उचलणाऱ्याची पाठ दुखणारच, असं सगळे धरून चालले. घरात पायाळू बायको असताना विचार कसला करायचा? आईनं दर रविवारी पाय लावायला सुरुवात केली. एक महिना झाला, दोन झाले. दुखणं वाढलं की ती लाथ जोरात द्यायची. मला तर बघवत नव्हतं.

मग सल्ले देणारे जमले. बाजारातला मालीशवाला म्हणाला, शीर चढली. हाडवैद्य म्हणाला, मणका सरकला, आणि त्यानं लेप लावून पट्टा आवळला. एका डॉक्टरानं वाताच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यानं सुई टोचली. बाबांचे गिरणीतले सोबती बुधाजीकाका म्हणाले, "ग्यास हाय, ओवा खा." अहो, पाठ एक आणि वैद्य पंचवीस! बाबांना रोज संध्याकाळी कणकण येत होती, अंगावरची बंडी ढगळ झाली होती, आडवं पडलं तरी दुखायचं थांबत नव्हतं. ते एकानंही विचारलं नाही. मीही नाही. मी नुसता चिडत राहिलो, आणि चिडण्याचा बाबांना काडीचा उपयोग नव्हता.

तिसऱ्या महिन्यात बाबा ओट्याची पायरी उतरताना कोसळले. पाय बधिर पडले होते. तेव्हा मी कुणाचं ऐकलं नाही, आई-बाबांना घेऊन मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो.

तिथंही आधी मीच घोळ घातला. खिडकीवर "पायाला मुंग्या" सांगितलं, तर नसांच्या डॉक्टरकडं धाडलं. त्यांनी सुई टोचून, गुडघ्यावर ठोकून बघितलं आणि हाडांच्या डॉक्टरकडं पाठवलं. त्यांनी पाठीचा फोटो काढला आणि छातीच्या डॉक्टरलाही दाखवायला सांगितलं. मी भडकलो. "अहो, पाठीचा पेशंट हाय, छातीचं काय मधेच?"

हाडांचा डॉक्टर तरुण होता, पण शांत. त्यानं फोटो खिडकीसमोर धरला. "मणक्याचा क्षय आहे," तो म्हणाला. "क्षय हाडातही होतो. औषधं छातीच्या क्षयाचीच, पण दीड वर्ष. पाठीला प्लास्टर. पाय परत येतील, बहुतेक." मग त्यानं बाबांना विचारलं, "पाठीवर कुणी दाब दिला होता का? तुडवलं, लाथ मारली?"

"नाय साहेब," बाबा पटकन म्हणाले. "कोण मारनार?"

आई भिंतीला टेकून उभी होती. "मी मारली," ती म्हणाली. "तीन महिने."

डॉक्टर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खालच्या आवाजात एवढंच म्हणाला, "बाई, आतून पोखरलेला मणका आहे. अजून थोडं झालं असतं तर हे कायमचे उठले नसते."

दीड वर्ष. सुया, गोळ्या, प्लास्टर, खाटेवरच सगळं. आईनं एक गोळी चुकू दिली नाही. एखाद्या दिवशी बाबांनी कंटाळून तोंड फिरवलं तर ती त्यांच्यावर अशी कडाडायची की शेजारी बाहेर यायचे. शेवटी बाबा काठी घेऊन ओट्यापर्यंत चालत आले, आणि मी देवळात नाही तरी कुठंतरी हात जोडावेत म्हणून इकडंतिकडं बघत राहिलो.

एवढं झालं, आता तरी शहाणपण यावं की नाही? छे! बाबा ज्याला त्याला सांगायला लागले, "आमच्या हिच्या पायानं उभा राहिलो." माझं डोकं फिरायचं. दीड वर्ष गोळ्या खाल्ल्या त्या काय कुत्र्याला घातल्या?

एक दिवस बुधाजीकाका वाकत वाकत आले आणि ओट्यावर पालथे पडले. "वयनी, पाय लावा."

"कदीपासून दुखतंय?" आईनं विचारलं. "दोन महिने." "ताप येतो?" "संध्याकाळचा, जरासा." "पायाला मुंग्या?" काका वैतागले. "अवो, पाय लावायचा तर लावा, कचेरीसारखं काय इचारताय?"

"लाव गं," खाटेवरून बाबा म्हणाले. "मी नाय का बरा झालो तुझ्या पायानं?"

आई गर्रकन वळली. "बास झालं! माज्यावर पांघरून घालू नका. माज्या पायानं तुमचे पाय जानार होते, तुमाला ठावं हाय, मला ठावं हाय. आता ह्यांचे जाऊ देऊ?" बाबांनी मान खाली घातली.

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि काकांना दंडाला धरून उठवलं. "उद्याच्या पहिल्या गाडीनं मुंबईला जायाचं. कुठल्या रांगेत उभं ऱ्हायाचं ते मला म्हाईत हाय, मी येते संगती."