ब्राह्मणपुरीची इंग्लंडवाली

बोलण्याआधी ती दोन बोटं गळ्यावर ठेवायची आणि हळूच म्हणायची, "मन्हा आवाज बठेल शे, ताई."

तुमच्याही शेजारी सुट्टीला परदेशातली भाची येत असेल. आमची मात्र साधीसुधी नव्हती. तिकडे ती पॉप गायिका होती. गावात तिचं नाव कोणी घेत नसे. ती सगळ्यांची इंग्लंडवाली.

मी ब्राह्मणपुरीत ब्लाउज शिवते. माझ्या भिंतीला भिंत लागून तिच्या मामांचं घर. तिची आई याच घरातली, लग्न होऊन इंग्लंडला गेली. आईने स्वयंपाकघरात शिकवली ती अहिराणी, मराठीचा पत्ता नाही. मी आपली शाळेतल्या मराठीत विचारायची, "आपण चहा घेणार का?" ती गोंधळून मामींकडे बघायची. मामी म्हणायच्या, "च्या पिशी का?" की लगेच हसायची. माझं मराठी असं वाया गेलं.

कॉलेजात असतानाच तिचं एक गाणं तिकडे दुकानादुकानांत वाजायला लागलं. व्हिडिओत तिने चंदेरी, जरा आखूड झगा घातला होता. मामा तो पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने दाखवायचे, फक्त पडद्याचा खालचा भाग अंगठ्याने झाकून. निम्म्या गावाला तिच्या चेहऱ्याइतकाच मामांचा अंगठाही ओळखीचा झाला.

पुढे गावोगाव कार्यक्रम, जागरणं, आणि घशात गाठ. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गायला मोकळीक दिली, पण वरचे सूर गेले ते गेलेच. कंपनीने करार मोडला. त्यानंतर ती कोणासमोर गायलीच नव्हती. मामांच्या मुलीच्या लग्नाला ती आली तेव्हा तिकडच्या एका लहानशा हॉलने तिला गायला बोलावलं होतं. हो की नाही, ते परत जायच्या आत कळवायचं होतं.

"नही सांगी देसू," ब्लाउजचं माप देता देता ती मला म्हणाली. मला तिचा रागच आला. एवढ्या तरुण पोरीने असं तोंड मिटून बसायचं म्हणजे काय!

हळदीच्या दिवशी अंगणात आम्ही बायका समोरासमोर दोन बाजूंनी बसलो. आमच्याकडे हळदीचं गाणं एकटीने म्हणत नाहीत. एकीने अर्धी ओळ उचलायची, उरलेली बाकीच्यांनी मिळून पुरी करायची. आमच्या बाजूने ओळ उचलणाऱ्या काकूंना नेमका खोकला लागला. समोरच्या बायका हसायला लागल्या.

मामींनी भाचीला कोपराने ढोसलं. "उचल ना व! तुन्ही मायनं गाणं शे."

"मन्हा आवाज फाटस, मामी."

"फाटू दे. आपलाले कोठे बक्षीस लेनं शे? बाकीना आम्ही शेतस ना."

तिने ओळ उचलली. आवाज जाड, घोगरा. मध्येच तो चिरकला, पण तेवढ्यात आम्ही पुढची अर्धी ओळ हातात घेतलीही होती. ती दचकून सगळ्यांकडे बघायला लागली. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. एक जण दुसरीच्या गालाला हळद फासत होती, एक जण पोराला दटावत होती. तिकडे लोक तिकीट काढून तिचा एकेक सूर तपासत. इथे तिचा आवाज चिरकला हे कोणाच्या गावीही नव्हतं.

तिने पुढची ओळ उचलली. मग तिच्या पुढची. काकूंचा खोकला थांबला तरी त्यांना त्यांची जागा परत मिळाली नाही, आणि त्या अजून थोड्या फुगून आहेत. माझे डोळे मात्र भरून आले होते. जाण्याआधी तिने हॉलवाल्यांना होकार कळवून टाकला.

परवा संध्याकाळी मी मामींकडे हुक लावलेला ब्लाउज द्यायला गेले. मामी भाकरी थापत होत्या. भाचीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार होती. रात्रीच्या कार्यक्रमाआधी ती माइक तपासत होती, मागे रिकाम्या खुर्च्या.

"मामी, ऐक," ती म्हणाली. तिने हळदीच्या गाण्याची अर्धी ओळ म्हटली आणि फोन माइकजवळ धरून थांबली.

मामींनी कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. पिठाच्या हातांनी भाकरी थापत थापत त्यांनी उरलेली ओळ पुरी केली. त्यांचा आवाज तिकडच्या हॉलमध्ये घुमून फोनमधून आम्हालाच ऐकू आला. मामी चपापल्या.

"काय व, इतल्या खुर्च्या, आन मानूस एक नही?"

"राते येतीन ना, मामी," ती हसून म्हणाली. "आते तू उचल, मी पुरी करस."