चंद्रासाठी कोरडी वीट

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या राखेच्या विटा पाडण्यात मालनबाईंची सतरा वर्षं गेली, पण त्या काळात त्यांना दहा मिनिटं एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नाही. माहेर मखमलाबादचं, फुलशेतीचं. नवरा मनमाडला रेल्वेत, आठवड्यातून एकदा येणार. वाट बघत बसणं बाईंच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी विटांचं यंत्र घेतलं.

२००६ साली कॉलेजातले ललितसर काळ्या दगडाची भुकटी पोत्यात भरून आले. चंद्रावरची माती बरीचशी अशीच असते, म्हणाले. तिथं जमिनीचे हादरे मोजणारं यंत्र ठेवायचं, तर खाली पक्की बैठक हवी. इथून दगड कोण वाहून नेणार? तिथल्याच मातीची वीट दाबायची नि भाजायची. अट एकच, पाण्याचा थेंब नको.

"तुमच्याकडं कोरड्या पिठाच्या भाकरी थापत्यात का, सर?"

"म्हणून तर तुमच्याकडे आलो, मावशी. आमची वीट साच्यातून काढली की ढासळते."

झालं! बाईंना चैन पडेना. जाड, मध्यम, बारीक अशी भुकटी चाळली, प्रमाण बदललं, साचा ठोकून ठोकून दाणे बसवले. अकरा विटा ढासळल्या. अकरावी ढासळली त्या दिवशी दुपारी चारला या कामाला पैसे देणारे पाहुणे वीट बघायला येणार होते. त्यांनी होकार दिला तरच काम पुढे सरकणार होतं.

तीन वाजता बारावी वीट अखंड निघाली. ललितसर नाचायचेच बाकी राहिले. बाई मात्र स्वतःच्या तळव्याकडे बघत होत्या. तो ओला होता. माती चिकटू नये म्हणून दर विटेआधी बादलीत हात बुडवून साचा पुसायचा, ही विटा पाडणाऱ्यांची सवय. या वेळी घाईत हात आपसूक गेला होता.

"ही नाय चालायची, सर. पाणी लागलंय."

"जरासंच ना? वाळेल. कुणाला कळणारे?"

"यंत्र कलंडल्यावर कळंल की! तिथं माझा ओला हात कुठून आणणार?"

आणि बाईंनी वीट उचलून दारातल्या दगडावर आपटली. ललितसर तुकड्यांकडे धावले. बाईंनी बादली बाहेर ढकलली, हात पदराला खसाखसा पुसले, चाळणी उचलली.

चारला गाडी वाजली. तोवर चौदावीही ढासळली होती.

"मशीन बिघडलंय, असं सांगतो त्यांना," सर दाराकडे निघाले.

"खोटं कशापायी? आत आणा. कुठं ढासळती ते त्यांनाबी बघू द्या," बाई साचा ठोकतच म्हणाल्या. "आन् त्यांच्यातल्या कुणाला चाळणी धरता येती का, तेबी विचारा!"