सीडीला लावायचं कुलूप

धारवाडला सुभाष रोडजवळ मनोविकारांवर उपचार करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर मी सांभाळायचो. दर शनिवारी पेशंटच्या नोंदी सीडीवर उतरवायच्या आणि ती सीडी हुबळीला माझ्या घरी ठेवायची. दवाखान्यात काही बिघडलं तर नोंदी शाबूत राहाव्यात म्हणून. एका शनिवारी सीडीची पिशवी बसमध्येच राहिली.

रविवार कसा गेला ते मलाच माहीत. कोण बाईंपुढे काय बोलून रडलं, ते सगळं त्या सीडीत उघडं होतं. सोमवारी डेपोत कंडक्टरनं पिशवी परत दिली.

"घरी लावून बघितली की," तो म्हणाला. "ओंदू हाडिल्ल री! एक गाणं नाही त्यात."

मी तसाच धारवाडला गेलो आणि बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"याला कुलूप लावता येतं?" त्यांनी विचारलं.

आधी साधा पासवर्ड लावून पाहिला. इंटरनेटवरून उतरवलेल्या एका फुकट प्रोग्रॅमनं तो चहा निवायच्या आत फोडला. मग मी पक्क्या एन्क्रिप्शनचं, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच न येणाऱ्या सांकेतिक लिपीचं, सांगितलं. "ते कुणाला उघडता येणार नाही, बाई. पण पासवर्ड विसरलो तर आपल्यालाही नाही."

"पक्कंच लावा," बाई म्हणाल्या. "नोंदी गेल्या तर मी पेशंटना पुन्हा विचारीन. बाहेर गेल्या तर त्यांना काय तोंड दाखवू?"

लांबलचक पासवर्डचा अर्धा भाग त्यांनी ठरवला, अर्धा मी. एकमेकांना सांगितला नाही. लिहून पाकिटं बंद केली आणि वेगवेगळ्या जागी ठेवली. तरी मला चैन नव्हतं. सीडी तयार झाली की लगेच उघडून बघायची, बंद करून परत उघडायची. बसमध्ये माझा भाग मनात घोकायचा.

वर्षभरानं दवाखान्यातली हार्ड डिस्क गेली. बाहेर पेशंट बसलेले. नवी डिस्क बसवून मी घरून आणलेली सीडी लावली आणि माझा भाग टाइप केला, बाईंनी त्यांचा. उघडेना. पुन्हा केलं, तरी नाही.

"कॅप्स लॉकचं बटण दाबलं जाऊन इंग्रजी मोठी अक्षरं चालू राहिलीत का बघा," मी म्हणालो.

राहिलीच होती; ती बंद केल्यावर तिसऱ्यांदा नोंदी उघडल्या. बाईंनी स्क्रीन स्वतःकडे वळवला. मी बाहेर आलो.

"डॉक्टर बोलावतात का?" बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं.

"बोलावतील आता, अप्पा. बसा," मी म्हणालो. मला मात्र बसवेना.